राखाडी शेळ्यांचा तंबू

मित्रांनो, माझ्याजवळ आलात की तुम्हाला आधी धुराचा वास यायला हवा होता. आता तो येत नाही, आणि तेच माझं दुःख आहे. मी एक जुना तंबू आहे, शेळीच्या केसांचा. तुमच्यापासून फार दूर, तोरोस डोंगराच्या पायथ्याशी एका गावात दुरसुनचं सिमेंटचं घर आहे. त्या घराच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या कागदाखाली, मी वर्षातले बरेच दिवस घडी होऊन पडलेला असतो.

माझं वय मला विचारू नका, कारण मी एका दिवसात जन्मलो नाही. दुरसुनच्या आईचं, उम्मुहानचं, लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने जमिनीवर माग मांडून लांबच लांब पट्टे विणले आणि ते एकमेकांना शिवून मला उभं केलं. त्यात एक पट्टा तिने स्वतःच्या तंबूतून उसवून घातला होता, आणि तो तिला तिच्या आईकडून आला होता. पुढे दर वसंतात शेळ्या कातरून झाल्या की उम्मुहान एक नवा पट्टा विणायची, सगळ्यांत झिजलेला काढायची आणि नवा त्याच्या जागी शिवायची. काढलेल्या पट्ट्याचं पोतं व्हायचं, नाहीतर उंटाच्या पाठीवरची गादी. असा मी दर वर्षी थोडा म्हातारा आणि थोडा तरुण होत होतो. हे असंच चाललं असतं तर मी कधी मेलोच नसतो.

हिवाळा आम्ही समुद्राजवळच्या सपाटीवर काढायचो आणि ऊन तापायला लागलं की वरच्या कुरणांकडे निघायचो. माझं काम सोपं होतं. उन्हात माझे केस आखडत, विणीत बारीक फटी पडत आणि आत वारा खेळे. पाऊस आला की तेच केस फुगत, फटी बुजत आणि पाणी वरून ओघळून जाई. केसांचा तेलकटपणा आणि चुलीचा धूर माझ्या अंगात मुरला होता, म्हणून पाणी आत शिरत नसे. बाहेर आभाळ फाटलं तरी आत चुलीवरचं दूध निवांत तापत असे.

संध्याकाळी पातळ भाकरी आणि चीज खाऊन झालं की उम्मुहानचा नवरा सातिलमिश नावांच्या गोष्टी काढायचा. त्याला त्याची भारी हौस.

"आपण योरूक. योरूक म्हणजे चालणारे," तो सांगायचा. "गाववाले बसतात, आपण चालतो."

"पाय दुखले तर?" कुणीतरी पोर विचारायचं.

"तर त्याला योरूक म्हणायचं नाही, पाहुणा म्हणायचं!"

मग एकेका टोळीची पाळी यायची. ते सारीकेचिली, म्हणजे पिवळ्या शेळ्यांवाले. ते काराकोयुनलू, म्हणजे काळ्या मेंढ्यांवाले. अवशार म्हणजे कामाला चपळ, "असं आपलं तेच सांगतात," असं म्हणून सातिलमिश मिशीत हसायचा. आणि आमची टोळी बोझकेचिली. बोझ म्हणजे राखाडी, केची म्हणजे शेळी. राखाडी शेळ्यांवाले.

पण हे नाव कसं पडलं, यावर नवराबायकोचं कधीच जमलं नाही.

"एका हिवाळ्यात सगळा कळप गारठून मेला," सातिलमिश म्हणायचा. "एकच राखाडी शेळी उरली. टोळीतली सगळी तान्ही पोरं तिच्या दुधावर जगली. आपण सगळे त्या एका शेळीची लेकरं."

"काहीतरीच तुमचं!" उम्मुहान चुलीजवळून म्हणायची. "आपल्या शेळ्या राखाडी, म्हणून लोक म्हणाले राखाडी शेळ्यांवाले. झालं. जन्मात कधी शेळीची धार काढलीय का तुम्ही? एकीचं दूध सगळ्या टोळीला पुरतं होय?"

"तू गप गं. गोष्टीतली शेळी जास्त दूध देते."

झऱ्यावर काळ्या मेंढ्यांच्या टोळीतल्या बायका भेटल्या की त्या उम्मुहानला चिडवायच्या, "राखाडी कसल्या? काळ्याच त्या, चुलीत लोळलेल्या!" उम्मुहान कुणाला हार जाणारी नव्हती. "आमच्या निदान राखेत लोळल्या. तुमच्या तर जळून कोळसा झाल्यात!" तिचं हसणं मला लांबून ऐकू यायचं.

ती नेहमी हसली असं मात्र नाही. तिची तीन लेकरं माझ्याच छताखाली गेली. चौथा मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवलं दुरसुन, म्हणजे 'राहू दे याला'. मूल हाती लागावं म्हणून तुमच्याकडे दगडू, धोंडू ठेवतात ना, त्याच दुःखातून आलेलं हे नाव. दुरसुन राहिला.

मग दिवस फिरले. डोंगरात पाइनची रोपं लावली गेली आणि शेळ्या ती खातात म्हणून वाटा बंद झाल्या. उंट गेले. एका शरदात खाली उतरताना सातिलमिशने वाटेतच डोळे मिटले. त्याला तिथेच पुरून आम्ही पुढे निघालो, कारण थांबायला जागा नव्हती. दुरसुनने हात टेकले. त्याने गावात घर बांधलं आणि शेळ्या विकल्या. मी त्याला दोष देत नाही. त्याला एक मुलगी होती, झोहरे, आणि तिला शाळेत घालायचं होतं.

ट्रक यायच्या दिवशी उम्मुहान पहाटेच उठली आणि तिने एकेक शेळी कातरली.

"आई, त्यांना उघड्या पाठवतेस?" दुरसुन म्हणाला.

"शेळ्या तुझ्या, केस माझे."

केसांनी एक पोतं भरलं. शेळ्या ट्रकमध्ये चढल्या. उम्मुहान त्या पोत्यावर बसून राहिली. ट्रक वळणाआड गेला तरी तिने मान वर केली नाही.

नव्या घरात ती राहायला गेलीच नाही. दुरसुनने मला अंगणात उभं केलं आणि ती माझ्यात राहिली. पोतं पुरवून पुरवून ती दर वसंतात एक पट्टा विणायची. शेजारी झोहरे बसायची. ती हाताने चपळ होती आणि तोंडाने त्याहून. शेवटी एका पट्ट्यापुरते केस उरले. तो मागावर घेतला तेव्हा उम्मुहान म्हणाली, "हा तुझा. तुझ्या लग्नात अख्खा तंबू तुला द्यायचा, हा पट्टा घालून. आधी मागून मला मारू नकोस हं."

"आणि आजी, मी तो ठेवू कुठे? लोक फ्लॅटमध्ये राहतात."

"फ्लॅटला बाहेर ठेव, तंबूत तू राहा."

तिचं एवढंच मागणं होतं, मित्रांनो. मी झोहरेच्या हाती जिवंत जावं.

त्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी उम्मुहानला मेर्सिन शहरात नेलं. पट्टा मागावर अर्धाच राहिला. त्याच आठवड्यात शहरातून निरोप आला की योरूकांचा मेळावा आहे, अस्सल जुना तंबू हवा आहे. दुरसुनची छाती फुगली.

"लोक फोटो काढतील," तो झोहरेला म्हणाला. "आणि हा बघ, धुराने कसा कळकट झालाय. आई यायच्या आत चकाचक करू. खूष होईल."

त्यांनी मला सिमेंटवर पसरलं. नळी सोडली. धुण्याची पावडर भरभरून टाकली. झोहरे अनवाणी माझ्यावर नाचत होती, दुरसुन ब्रश मारत होता, आणि माझ्या अंगातलं तपकिरी पाणी गटाराकडे चाललं होतं. त्या पाण्यात सगळ्या चुली होत्या. ओरडायला मला तोंड नव्हतं. सगळ्यांत वाईट वाटतं ते हे की बापलेक त्या दिवशी फार आनंदात होते.

उम्मुहान परत आली तेव्हा तिच्या डोळ्यावर पट्टी होती. तिला बघायची गरजच पडली नाही. ती माझ्यात शिरली, हुंगली, माझ्यावरून हात फिरवला.

"साबण?"

"हो आजी! कसा मऊ झालाय बघ ना!"

उम्मुहान मटकन खाली बसली.

"मेलेल्याला धुतात गं पोरी," ती म्हणाली. "जित्याला असं धुतात होय?"

झोहरेचा चेहरा पांढराफटक पडला. काय झालं ते दुरसुनलाही तेव्हाच कळलं. तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. झोहरे हुंदके देऊन रडायला लागली, तशी म्हातारीने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"रडू नकोस. चूक माझी. मी तुला सांगायला हवं होतं. पण हे सांगावं लागतं, हेच मला ठाऊक नव्हतं."

दोघींनी मिळून शेवटचा पट्टा पुरा केला. तो पाण्यापावडरीतून वाचला होता. त्यांनी तो चुलीवर धरून धुरी दिली, रोज दवात टाकला आणि माझ्या मधोमध शिवला.

मेळाव्यात मला मैदानावर उभं केलं. लोकांनी फोटो काढले, ताक प्यायले, उम्मुहानला टोळीचं नाव विचारलं आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत पुढे गेले. दुपारी डोंगरावरून पाऊस आला. मी केस फुगवायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण अंगात काही उरलं नव्हतं. मी चाळणीसारखा गळलो. पाहुणे सभागृहाकडे पळाले. दुरसुन गाडी आणायला धावला. फक्त त्या एका पट्ट्याखालची जमीन कोरडी होती, माणूसभर रुंदीची.

उम्मुहानने झोहरेला दंडाला धरून तिथे बसवलं.

"आजी, तू इथे ये. तुझा डोळा भिजेल."

"दोघींना पुरत नाही. पट्टा तुझा आहे, बस गप."

"तू ये ना गं!"

"नातीला कोरडी बघू दे मला. बस."

गाडी येईपर्यंत ती माझ्याखाली भिजत बसली. तिचा डोक्याचा रुमाल चिंब झाला होता, तरी ती जागची हलली नाही. मला फार लाज वाटली. आयुष्यभर जिच्यावर थेंब पडू दिला नाही, तिला मी भिजवलं.

त्या भिजण्याने तिला ताप आला आणि तो पुरता उतरलाच नाही. थंडीत, चुलीशेजारी पडल्या पडल्या तिने झोहरेला विचारलं, "आपण कोण?"

"बोझकेचिली."

"मग शेळी कुठाय?"

झोहरेने अंगणाकडे पाहिलं. तिथे दुरसुनची गाडी उभी होती.

"असू दे," उम्मुहान म्हणाली. "आजोबांची ती गोष्ट सांग. एकच शेळी उरली होती ती."

झोहरेने गोष्ट सांगितली. तो हिवाळा, तो मेलेला कळप, ती एकटी राखाडी शेळी आणि सगळ्या टोळीला पुरलेलं दूध. म्हातारीने पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं नाही.

ती गेली तेव्हा तिला माझ्याच आडोशाला अंघोळ घातली. शेजारणींनी झोहरेच्या हातात साबण दिला. तिने तो घेतला नाही. "मी पाणी ओतते," ती म्हणाली. "साबण दुसऱ्या कुणी तरी लावा." ती का असं म्हणते, ते बायकांना कळलं नाही. मला आणि दारात उभ्या असलेल्या दुरसुनला कळलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी काळवंडलेली, वास मारणारी जुनी वस्तू असेल. तिला चकाचक करायच्या आधी तिच्या माणसाला विचारा. ते माणूस जवळ आहे तोवर आपल्या नावाची गोष्टही विचारून घ्या, आणि ती खोटी वाटली तरी शेवटपर्यंत ऐका. आणि आम्हाला नुसतं जपून ठेवू नका, वापरा. घडी होऊन पडलो की आमचा जीव जातो.

झोहरे आता मेर्सिनला शिकते. सुट्टीत आली की ती मला गच्चीवरून उतरवून अंगणात उभं करते आणि आत चूल पेटवते. लाकडं दुरसुन आणून देतो. धूर पुन्हा मुरायला किती वर्षं लागतील, मला माहीत नाही. अजून मी गळतोच. पाऊस आला की झोहरे त्या एका पट्ट्याखाली येऊन बसते. तो दोघींना पुरत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. तरी ती एका कडेला सरकून बसते.