बॅटरी निघणारा फोन

"बाई, असला फोन आता कुणी मागत नाय," साईनाथ म्हणाला.

"मी मागतेय ना. मागचं झाकण नखानं उघडलं पाहिजे आणि बॅटरी हातात आली पाहिजे. बाकी काही नको."

चौकला जुन्या हायवेवर, गॅरेजांच्या रांगेत साईनाथचं मोबाईलचं दुकान आहे. तिथल्याच शाळेत मी त्याला गणित शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. तेव्हापासून तो मला घाबरतो आणि त्याचा मी बिनदिक्कत फायदा घेते. आधी त्यानं चकचकीत नवे फोन काचेवर मांडले. मी एकेक उलटा करून विचारलं, उघडतो का? एकही उघडेना. शेवटी तो माळ्यावर चढला आणि धुळीनं भरलेलं एक खोकं घेऊन खाली आला.

त्यातला फोन मी निवडला. जाडजूड, एका कोपऱ्याला टवका गेलेला. झाकणाला नख लावलं आणि टक्कन उघडलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की साईनाथ माझ्याकडे बघतच राहिला.

"याच्यात व्हिडिओ अडकत चालतो, बाई. व्हॉट्सअ‍ॅप कधी बंद पडंल त्याचा भरवसा नाय. मंग मला बोलू नका."

"बोलणार. पण फोन दे. आणि जास्तीच्या दोन बॅटऱ्या, आणि त्या बाहेर चार्ज करायचा चिमट्याचा चार्जरही दे."

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते माझ्या मुलामुळे, अनुपममुळे. तो पुण्याला असतो. त्याचे बाबा गेल्यापासून मी कर्जतजवळ भिसेगावात एकटी राहते, आणि चांगली राहते. पण मे महिन्यात मी पापड लाटायला आळीतल्या हर्षलाच्या माहेरी, कळंबला गेले आणि तिथे माझा फोन मेला. अनुपमनंच घेऊन दिलेला, बंद पाठीचा, भारीतला फोन. इकडे हा दुपारभर फोन लावतोय. शेवटी त्यानं शेजाऱ्यांना सांगून माझ्या दाराचं कुलूप तोडायला लावलं. संध्याकाळी पापडांचा डबा घेऊन मी परत आले, तर दार सताड उघडं आणि ओट्यावर अख्खी आळी जमलेली. मला हसू आलं होतं, पण लोकांचे चेहरे बघून ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी अनुपम आला. "आई, पुन्हा एकदा तुझा फोन बंद लागला, तर मी बॅग घेऊन येईन आणि तुला पुण्याला नेईन. मग वाद नको."

तो आरडाओरडा करतो तेव्हा मी लक्ष देत नाही. त्या दिवशी तो हळू बोलला.

पुण्यात मला त्रास काहीच नाही. सून रुचिता गुणाची आहे. चहाचा कपसुद्धा मला विसळू देत नाही, आणि तिथेच माझं बिनसतं. तिथे मला कुणी काही मागत नाही. इथे हर्षला रोज संध्याकाळी वही घेऊन येते. कळंबच्या एका रिसॉर्टवर दिवसभर ती खोल्या आवरते, चादरी बदलते. लग्नामुळे तिची दहावी राहिली. आता तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, मार्चमध्ये परीक्षा आहे आणि बीजगणित पाहिलं की तिला अजून घाम फुटतो. तिला माझी गरज आहे, आणि खरं सांगायचं तर मला तिची जास्त आहे.

म्हणून हा फोन. गॅसचं एक सिलिंडर संपलं की दुसरं लावतो, तसं. आमच्याकडे वीज गेली की कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं, पण भरलेल्या दोन बॅटऱ्या डब्यात असल्यावर मला कुणाच्या बापाची भीती नव्हती. पावसाळा सुखात गेला. अनुपमचा फोन आला की मी पहिल्या घंटेला उचलायचे आणि मुद्दाम म्हणायचे, "बोल, चालू आहे!"

मग ऑक्टोबर आला, आणि हस्ताचा पाऊस.

या दिवसांत आमच्याकडे दुपार कलली की ढग डोंगरावरून उतरतात आणि विजा कडाडायला लागतात. असल्या विजेनं आमच्या आळीतल्या कुणाचा टीव्ही जळला, कुणाचा पंप गेला. म्हणून पहिला गडगडाट झाला की भिसेगावातली प्रत्येक बाई उठते आणि घरातले सगळे प्लग उपसून ठेवते. फ्रिज, टीव्ही, मिक्सर. माझ्या सासूबाई तर रेडिओची वायरसुद्धा गुंडाळून कपाटात ठेवायच्या. त्या दिवशी मीही सगळं उपसलं. मग हातातल्या फोनकडे पाहिलं. याचीही बॅटरी निघते की! काढली. तिन्ही बॅटऱ्या फडक्यात बांधल्या, ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात खोचल्या, आणि आपण किती शहाण्या आहोत या समाधानात आडवी झाले.

जाग आली तेव्हा पाऊस ओसरला होता, वीज गेलेली होती आणि हर्षला दारावर थापा मारत होती.

"बाई! बरं हाय ना तुमाला? अनुपमदादांचे कवाधरनं फोन! माजा फोन कामावर कपाटात व्हता, मला कसं कळनार? आता पायलं तर हे एवढे मिसकॉल!"

"तू लावलास त्याला उलटा?"

"लावला तर. गाडीत व्हता. म्हनला निघालोय, कर्जतला येतोय. येवढं बोलला आनि कट झाला."

मी डब्यात हात घातला. निम्मे तांदूळ ओट्यावर सांडले. बॅटरी बसवली, फोन सुरू व्हायला त्यानं आपला वेळ घेतला, आणि मी अनुपमला लावला. बंद. पुन्हा लावला. तीच बाई तेच वाक्य गोड आवाजात सांगत होती. हर्षलानं स्टेशनजवळच्या तिच्या भावाला विचारलं. तो म्हणाला, घाटात रेल्वेची वायर तुटलीय, पुण्याच्या गाड्या वरच अडकल्यात.

आम्ही मेणबत्ती लावून बसलो. हर्षलानं वही उघडली, पण तिला एकही गणित दिसत नव्हतं आणि मलाही नाही. मी पुन्हा पुन्हा फोन लावत होते. आधी मला राग आला. मोठा शहाणा, निघताना फोन चार्ज करायला काय झालं होतं? मग रागही पुरेना. घाटातला अंधार दिसायला लागला, रुळांवरून खाली उतरून चालत निघालेली माणसं दिसायला लागली. याला लहानपणापासून धीर नाही, हाही उतरला असेल. पाय घसरला असेल. देवा, एकदा नुसता "हॅलो" ऐकू दे, मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, हर्षलासमोर.

मे महिन्यातली ती दुपार अनुपमनं अशीच काढली असणार. कुलूप तोडायला लावलं म्हणून मी आळीभर त्याची थट्टा केली होती. कुलूप काय, मी त्या घडीला भिंत पाडायला लावली असती.

फाटक वाजलं. अनुपम आत आला, नखशिखांत भिजलेला, हातात मोठी बॅग.

"फोन का बंद होता?" मी ओरडले.

"फोन का बंद होता?" तोही त्याच दमात ओरडला.

हर्षला फस्सकन हसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला.

"तुला लावून लावून संपला माझा," तो खाली बसत म्हणाला. "दुपारपासून सगळ्यांना फोन करतोय, आळीतही कुणाचा लागेना. गाडी घाटात उभी. बॅटरी संपली, तुझं काय झालं ते कळेना. शेवटी उतरलो आणि मिळेल त्या वाहनानं कसातरी पोचलो."

"मी बॅटरी काढून ठेवली होती. विजा होत्या म्हणून."

"मोबाईलची?"

"हो."

मला वाटलं आता हा बॅग उघडेल. त्यानं ओल्या शर्टाची बाही पिळली. मी माझा फोन त्याच्या हातात दिला. "आधी रुचिताला लाव. तीही तिथे जिवाला घोर लावून बसली असेल."

रुचितानं त्याला जे काही सुनावलं ते आम्हाला दोन हातांवरून ऐकू आलं. "हो... हो गं, चुकलं... संपला होता... नाही, आई बरी आहे." शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यावर दिसायचा, तसा दिसत होता. मला त्याची दया आली.

त्यानं फोन ठेवला तेव्हा मी म्हटलं, "अनुपम, मी तुला फार छळलं रे. आज पहिल्यांदा कळलं. तू म्हणशील तर मी येते पुण्याला."

हर्षलानं वही मिटली. अनुपमनं तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

"परीक्षा कधी आहे?"

"मार्चमदी, दादा."

"मग आई कशी येईल?" तो म्हणाला आणि टॉवेल शोधायला आत गेला. मार्चनंतर काय, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. हर्षला अकरावीला जाईल, मग बारावी, एवढं गणित त्यालाही येतं.

जेवताना मी कबूल केलं की विजा चमकोत नाहीतर काही होवो, बॅटरी जागची हलणार नाही. आणि घराबाहेर पडायच्या आधी सांगूनच निघेन. "तूसुद्धा," मी म्हटलं. त्यानं मान हलवली. तो घास चावत होता, त्यामुळे ती मान कशासाठी हलली याची मला खात्री नव्हती.

सकाळी गाड्या सुरू झाल्या होत्या. तो एकटाच स्टेशनवर गेला, मला येऊ दिलं नाही. मी कालचे सांडलेले तांदूळ निवडत बसले होते तेवढ्यात फोन वाजला.

"आई, गाडीत बसलो. जागा मिळाली. आता बोगदे लागतील, रेंज जाईल, तर घाबरू नकोस."

त्याचे बाबा गेल्यापासून त्याचा प्रत्येक फोन माझी चौकशी करायला यायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, फोन चालू आहे का. स्वतः कुठे आहे, हे त्यानं मला आज कितीतरी दिवसांनी सांगितलं होतं. पुन्हा आई झाल्यासारखं वाटलं मला.

"बरं," मी म्हटलं. "दारात उभा राहू नकोस. आणि पोचलास की लगेच कळव, मी वाट बघतेय."