कडी लावणारा हात

पियूष पेढ्यांचा पुडा घेऊन कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आला, तेव्हाच सुरभीनं ओळखलं, की स्वारी कुठंतरी अडली आहे. एरवी हा गडी चहासुद्धा दुसऱ्याच्या जिवावर पिणारा.

"सुरभी, वाचव यार मले," तो म्हणाला. "पिच्चरची सुरुवातच पडली. काल पोट्ट्यायले दाखवली, तं हसून राह्यले सारे."

हसतील नाही तर काय! एकटी मुलगी बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात शिरते आणि तिच्या जिवावर बेतते, अशी ती गोष्ट. पियूषनं आठव्या सेकंदालाच खुनी कापसाच्या ढिगातून बाहेर काढला होता, वर ढॅण्ण करून संगीत! अंगभर कापूस चिकटलेला तो खुनी फाटक्या गादीतून उठून आल्यासारखा दिसत होता.

सुरभीनं पेढ्याला हात लावला नाही. मागच्या वर्षीची फिल्मही तिनंच कापली होती, जोडली होती, महिनाभर डोळे फोडून. आणि फिल्म महोत्सवाच्या दिवशी पडद्यावर नाव आलं 'संकलन : पियूष'. ट्रॉफी त्यानं घेतली, भाषण त्यानं ठोकलं. तेही एक वेळ तिनं गिळलं असतं. पण लेकीचं नाव पाहायला दिग्रसजवळच्या गावाहून तिचे वडील रामराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दिवे लागल्यावर त्यांनी हळूच विचारलं होतं, "बाई, तुयं नाव कोठी होतं? माह्याच नजरेतून सुटलं का?" त्या प्रश्नाचा विस्तव तिच्या पोटात अजून विझला नव्हता. यंदाही ते येणार होते.

"करते," ती म्हणाली. "पण संकलनात माहं नाव पायजे."

"तुयंच टाकतो! आईशप्पथ!"

त्या शपथेवर विश्वास ठेवायला ती काही दुधखुळी नव्हती.

तो गेल्यावर तिनं गुंजनला बोलावलं. फिल्ममधली ती एकटी मुलगी म्हणजे गुंजनच. "हे पाय," सुरभी तिला म्हणाली, "भीती कशी वाढते माहीत हाय? बसून पाहणाऱ्याले सगळं आधी कळलं पायजे, अन् जो पडद्यावर हाय त्याले कशाचाच पत्ता नसला पायजे."

"मंग तू काय करतं?"

"खुन्याले दाखवतच नाही मी. फक्त हात दाखवते."

जिनिंगच्या चित्रीकरणात असा हात नव्हताच. मग दोघींनी कॉलेजच्या अडगळीच्या खोलीचं जुनं लाकडी दार गाठलं. कॅमेरा गुंजननं धरला. एक हात बाहेरून हळूहळू कडी सरकवतो, एवढंच. हात सुरभीचा. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. पाचवीत असताना कापसाच्या गाडीची फळी रामरावांनी घाईत लावली आणि तिचा अंगठा चेंगरला, तेव्हापासून ते नख तसंच उगवायचं.

मग ती कापायला बसली. ढॅण्ण संगीत पहिल्यांदा उडवलं. आधी गुंजन गुणगुणत जिनिंगमध्ये शिरते. मग बाहेरून कडी लागते, आवाज न करता, पूर्ण सात सेकंद. मग गुंजन गुणगुणत राहते, मोबाईल पाहते, ओढणीला चिकटलेली सरकी काढते. तिला काही ठाऊक नाही, पाहणाऱ्याला सगळं ठाऊक आहे. गुंजननं स्वतःचीच फिल्म पाहिली आणि म्हणाली, "अवो माय! मलेच ओरडावंसं वाटून राह्यलं, की पय तिथून!"

सुरभीनं फाइल पियूषला दिली. शेवटच्या पाटीवर 'संकलन : सुरभी' असं स्वच्छ लिहिलं होतं. पियूषनं ते नाव तसंच राहू दिलं असतं, तर तो हात नुसता हातच राहिला असता. तिनं त्याला तेवढी संधी दिली होती, हे खरं. आणि ती त्यानं घेऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं, हेही तितकंच खरं.

महोत्सवाला हॉल गच्च भरला. रामराव तोच सदरा घालून लेकीशेजारी बसले. गुंजन जिनिंगमध्ये शिरली, पडद्यावर हात आला, आणि रामराव खुर्चीतून अर्धे उठले. "सुरभे, हा तं तुया..."

तिनं त्यांचं मनगट दाबलं. "बाबा, थांबा. आत्ता नाही."

फिल्म संपली आणि पाटी आली 'संकलन : पियूष'. सुरभीला रडू आलं नाही. आली ती उकळी, आणि तीही आनंदाची. गडी बरोबर जाळ्यात आला होता.

परीक्षक पद्मजाबाई नागपूरच्या, जन्म संकलनात गेलेल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मंचावरच्या पियूषला विचारलं, "सुरुवात फार छान कापलीत. तो कडीचा शॉट कुठे घेतला?"

"तिथंच मॅडम, जिनिंगमध्ये. एडिटिंग मीच करतो ना, म्हणून काय लागेल ते आधीच माहीत असतं."

"आणि हात कोणाचा?"

"माझाच."

"अस्सं? मला तो बाईचा वाटला. नखही फुटलेलं होतं."

"मेकअप, मॅडम!"

"जिनिंगचं दार तर लोखंडी दिसलं, गुंजन शिरते तेव्हा. कडी लाकडी दाराला कशी?"

पियूष माईक या हातातून त्या हातात घेऊ लागला. सुरभीनं दिलेली फिल्म त्यानं धड पाहिलीच नव्हती. पाटी बदलण्यापुरती उघडली होती, एवढंच. तो पहिल्या रांगेकडे पाहू लागला, मग दुसऱ्या, आणि शेवटी त्याला सुरभी दिसली. ती हसत होती.

ती हलली नाही. मनात मोजत होती. एक, दोन, तीन. तडफडू दे लेकाला, वर्षभर मी तडफडले. चार, पाच, सहा. सातला तिनं वडिलांचं मनगट सोडलं.

"बाबा, आता बोला."

रामराव उभे राहिले. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याला हाक मारायचा त्यांचा आवाज, त्याला माईक कशाला लागतो! त्यांनी परीक्षकबाईंना दिसेल असा लेकीचा हात अंगठ्यासकट वर धरला.

"बाई, तो हात माह्या पोरीचा व्हय! हे नख म्याच चेंगरलं होतं!"