रकान्यात न मावलेली मुलं

वार्षिक अहवाल हा तुमच्या-आमच्या कचेऱ्यांमधला एक सणच असतो, नाही का? कपाटं उघडतात, धूळ झटकली जाते, वर्षभर न सापडलेले कागद अचानक सापडतात. आणि शेवटी साहेबांच्या टेबलावर असा एक कागद जाऊन पडतो, की ज्यात सगळं कसं छान चाललेलं असतं!

वरळीच्या बीडीडी चाळींत, एका इमारतीच्या तळमजल्यावर ‘सुजीवन आरोग्य मंडळा’चं केंद्र होतं. १९८७च्या फेब्रुवारीत तिथे हाच सण चालू होता. केंद्राचे लेखनिक वसंत कारखानीस जमिनीवर मांडी ठोकून एका मोठ्या पुठ्ठ्यावर तक्ता रंगवत होते. वसंतराव गिरगावातले, चौतिशीचे, अक्षर छापल्यासारखं आणि हिशेबाला पक्के. मंडळाने वर्षापूर्वी आजूबाजूच्या पाच इमारतींतल्या बाळांसाठी लसीकरणाची नवी सेवा सुरू केली होती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या त्रिगुणी लशीचे तीन डोस, पोलिओचे थेंब आणि नववा महिना सरला की गोवराची लस. दर बुधवारी सकाळी अकरा वाजता, अगदी फुकट.

तक्त्यावर लिहिलं होतं : ठरलेली सत्रं बावन्न, झालेली सत्रं बावन्न. मागवलेल्या लशीच्या बाटल्या आणि वापरलेल्या बाटल्या, आकडा तोच. खाली तांबड्या रंगात, हातभर आकारात ‘शंभर टक्के!’

शनिवारी मंडळाची वार्षिक सभा होती. शहरातल्या मोठमोठ्या मंडळींसमोर हा तक्ता उभा राहणार होता. वसंतराव मान तिरकी करून तो पुन्हा पुन्हा पाहत होते.

“अहो कारखानीस,” परिचारिका सुनेत्रा सामंत इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवता ठेवता म्हणाल्या, “गोवराच्या एका बाटलीत दहा मुलांची लस असते. उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते. बुधवारी येतात तीन नाहीतर चार मुलं, त्यांत गोवरासाठीचं एखादंच. उरलेली मी ओतून देते. हे कुठे लिहिलंत?”

“सिस्टर, त्याला रकाना नाही.”

“मग पाडा ना एक!”

वसंतराव हसले. एवढ्यात दाराशी मोठ्याने हाक आली, “सुनेत्राबाय! ए सुनेत्राबाय! लवकर ये गो!”

गुणवंती आली होती. वरळी कोळीवाड्यातली ही पन्नाशीची कोळीण वीस-बावीस वर्षं या चाळींत दारोदार मासळी विकत होती. तिने पाटी पायरीवर टेकवली. तिच्यामागे एक उंच, हडकुळा माणूस छातीशी पोर घेऊन उभा होता. दत्तू पालव. कापडगिरणीत साचेवाला होता, माग चालवायचा. ब्याऐंशीचा गिरणी संप लांबला, लांबला आणि संपला असं कुणी म्हणायच्या आत त्याची नोकरी गेली. चार वर्षं तो घरी होता.

पोर चौदा महिन्यांची. अंगभर लालसर पुरळ, डोळे चिकटलेले, आणि श्वास असा जोरात चाललेला की फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

सुनेत्राबाईंनी एकदाच पाहिलं. “गोवर. आणि तो छातीत उतरलाय. पालव, इथे थांबू नका. टॅक्सी करा आणि परळच्या मोठ्या इस्पितळात न्या. मी चिठ्ठी देते.”

त्या चिठ्ठी लिहीत असताना वसंतरावांनी सवयीने नोंदवही उघडली. नाव होतं! रेश्मा दत्ताराम पालव. त्रिगुणी, पहिला डोस. पुढचे सगळे रकाने कोरे. ‘लाभ घेतलेली मुलं’ या त्यांच्या बेरजेत ही पोर मात्र मोजलेली होती.

“काय हो पालव!” वसंतरावांचा आवाज चढला. “पुन्हा आणलं का नाहीत हिला? दर बुधवारी अकरा वाजता आम्ही इथे बसलेलो असतो! एकही बुधवार चुकवला नाही आम्ही!”

दत्तू गांगरला. “साहेबानू, माका कोणी सांगूकच नाय. पयल्या सुयेनंतर चेडवाक ताप इलो. आमी घाबारलो. बायको दादराक पोळये लाटूक जाता सकाळी आठाक, ती येता सांजेक. ह्या सगळा बायकांचा काम, माका काय म्हायती?”

सुनेत्राबाईंनी चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली आणि तो धावत सुटला. वसंतराव मात्र दारातून ओरडलेच, “सेवा आहे, ती फुकट आहे, तरी लोकांना नको!”

गुणवंतीने कमरेवर हात ठेवले.

“सायब, एक इचारू? आकरा वाजता या चाळीत कोन आई घरात असते? संपाच्या आदी असायच्या. आता कोन धुनीभांडी करते, कोन पोल्या लाटते, कोन शिवनकारखान्यात जाते. घरात हाय तो बाप. त्या बापाला तुमी कधी इचारला?”

“आमचं काम सेवा देण्याचं, बाई. आम्ही ती शंभर टक्के दिलीय. हा बघा तक्ता.”

गुणवंतीने तक्त्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तांबड्या रंगाचा तोरा तिला कळला.

“माजी पाटी रोज डोक्यावर चढते सायब. येक दिस चुकत नाय. म्हनून काय समद्या चाळीत कालवन शिजलं म्हनू? किती घरांत शिजलं ते दारात उभं राहिल्याबिगर कसं कळंल? तुमी पाटी मोजली. घरं कुठं मोजली?”

रागाने वसंतरावांचे कान लाल झाले. एका मासळीवालीने आपल्याला मोजायला शिकवावं! पण गुणवंती पाटी उचलून गेली, सुनेत्राबाई आपल्या कामाला लागल्या, आणि त्यांच्यासमोर उघडी नोंदवही उरली. ते एकेक पान उलटू लागले. पहिला डोस, पुढे कोरं. पहिला, दुसरा, पुढे कोरं. पुन्हा कोरं. पुन्हा! आणि ज्या बाळांची नावंच वहीत नाहीत, ती किती? हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर्षभर आकडे मांडणाऱ्या माणसाला पाच इमारतींत एकूण बाळं किती, हेच ठाऊक नव्हतं!

दुसऱ्या दिवशी बुधवार. सकाळी गुणवंती पहिल्या इमारतीच्या जिन्याशी आली, तर वसंतराव वही काखेत मारून उभे.

“मावशी, तुम्ही प्रत्येक दारात जाता. मलाही घेऊन चला. मला घरं मोजायचीत.”

गुणवंती खळखळून हसली. “चल तर भावा! पन चार माळे हायत. धाप लागली तर मना नको सांगू!”

तीन दिवस ते दोघे फिरले. गुणवंतीची “म्हावरं घ्या गोऽ” अशी हाक लांबलचक व्हरांड्यात घुमली की दारं आपोआप उघडत. कचेरीचा माणूस म्हणून जी दारं किलकिली झाली असती, ती सताड उघडली. एक ते दोन वर्षांचं पोर घरात आहे का? लशीचं कार्ड दाखवाल का? कुठली सुई झाली, कुठली राहिली? का राहिली?

हे ‘का’ विचारताच माणसं बोलू लागली. बापांच्या मांडीवर पोरं होती. कुणी केस विंचरत होता, कुणी पेज भरवत होता. एकेकाळी साच्यावर, चात्यांवर चालणारे हात आता पाळणे हलवत होते, आणि त्या हातांना आजवर कुणीही एक शब्द सांगितला नव्हता! एक जण म्हणाला, “कार्ड बायकोच्या पिशवीत असतं, पिशवी तिच्यासोबत कामावर असते.” दुसरा म्हणाला, “एक सुई झाली, म्हणजे झालं ना? आणखी असतात होय?” वसंतराव भराभर लिहीत होते. थकायच्या ऐवजी त्यांचा उत्साह वाढत होता. पहिल्यांदाच त्यांच्या आकड्यांना चेहरे येत होते!

शुक्रवारी दुपारी बेरीज झाली. पाच इमारतींत एक ते दोन वर्षांची मुलं त्र्याहत्तर. सगळ्या लशी पूर्ण झालेली, एकोणतीस. उरलेल्या चव्वेचाळीसांपैकी एकवीस जणांची आई बुधवारी अकराला कामावर असते. अकरा घरांत पहिल्या सुईनंतरच्या तापाची भीती बसली. नऊ घरांना पुढच्या सुयांची माहितीच नाही. तीन मुलं गावी गेली होती. ‘नको’ म्हणणारं घर? एकही नाही!

“एकही नाही, सिस्टर!” वसंतराव टेबलावर हात आपटून ओरडले. “लोकांना नकोय असं मी म्हणत होतो. आपणच पोचलो नाही!”

संध्याकाळी मंडळाचे कार्यवाह शामराव धुरू तक्ता पाहायला आले. साठीचे, स्वच्छ धोतर-कोटातले, मनाने चांगले पण प्रतिष्ठेला जपणारे गृहस्थ. ‘शंभर टक्के’वर पांढरा कागद चिकटवलेला पाहून ते दचकलेच.

“वसंत, अरे वेड लागलंय का तुला? उद्या एवढी माणसं येणार, आणि त्यांना सांगू की त्र्याहत्तरात एकोणतीस? लोक हसतील!”

“हसू देत, शामराव. मीही कालपर्यंत त्या शंभर टक्क्यांवर खूश होतो. पण शंभर टक्क्यांनंतर करण्यासारखं काही उरतच नाही हो! एकोणतीस म्हटलं, की चव्वेचाळीस मुलांची नावं हातात येतात, खोली नंबरासकट. का राहिली तेही कळलंय. आता उपाय आपल्या हातात आहे!”

“पण आपण सत्रं तर घेतली ना रे सगळी? ते का खोटं आहे?”

“खोटं नाही. पण पालवांची रेश्मा त्या बावन्न सत्रांच्या मध्येच, इथून दोन जिने वर राहत होती. ती आज इस्पितळात प्राणवायूवर आहे.”

शामराव खुर्चीत बसले. त्यांनी वसंतरावांची वही पुढे ओढली आणि चष्मा लावून चव्वेचाळीसही नावं वाचली, एकही न गाळता. मग म्हणाले, “सुनेत्राबाई, हे सत्र संध्याकाळी साडेसहाला घेता येईल का?”

“रविवारीसुद्धा घेईन!” त्या म्हणाल्या. “फक्त मला ओतून द्यायला लावू नका!”

शनिवारच्या सभेत शामरावांनी स्वतः उभं राहून एकोणतीसचा आकडा सांगितला. कुणी हसलं नाही. उलट दोन तरुण डॉक्टरांनी संध्याकाळच्या सत्रांना मदतीला येण्याची तयारी दाखवली.

आणि रेश्मा? पाच दिवस काळजीचे गेले. सहाव्या दिवशी तिने डोळे उघडून बापाचं बोट धरलं, नवव्या दिवशी घरी आली. तिला आईच्या मांडीवर ठेवून दत्तू थेट केंद्रात आला.

“कारखानीससाहेब, माका काम सांगा. संपात मी ह्याच चाळीतसून माणसा गोळा करून सभांका नेलंय. माझो आवाज अजून तसोच आसा.”

पुढच्या बुधवारी दुपारपासून तो आवाज पाचही इमारतींत फिरला. “बापांनूऽ! साडेसहाक पोरांका घेऊन खाली येवा! सुयेनंतर ताप इलो तर भियाचा नाय, ताप उतारता! माझ्या चेडवाक गोवर झालो तो मी बघितलंय, तुमच्यार तशी येळ येऊ नये!”

साडेसहाला वसंतरावांनी दारातून डोकावलं आणि पाहतच राहिले. रांग! केंद्राच्या पायरीपासून थेट कोपऱ्यावरच्या नळापर्यंत बापांची रांग. कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या कडेवर, एकाच्या दोन्ही कडेवर जुळी! कामावरून परतणाऱ्या आया पिशव्या सांभाळत पळत येऊन रांगेत घुसत होत्या. पोरांच्या रडण्याने चाळ दणाणली होती आणि त्या रडण्याचा सगळ्यांना आनंद होत होता. गुणवंती रिकामी पाटी बाजूला ठेवून रांग सरळ करत होती, “ए, घुसू नको रं! सगल्यांना मिलनार हाय!”

आत सुनेत्राबाईंनी वसंतरावांना हाक मारली. त्यांचा चेहरा फुलला होता. “कारखानीस, बाटली संपली! दुसरी काढा! अहो, दुसरीही पुरायची नाही!”

त्या एका संध्याकाळी एकतीस मुलांना लस मिळाली.

मग दर महिन्याला वसंतराव वही घेऊन पुन्हा दारोदार जाऊ लागले. जिथे जमलं तिथे का जमलं, जिथे अडलं तिथे का अडलं, हे लिहू लागले. कार्डावर आता आईबरोबर बापाचंही नाव होतं. तापाबद्दल दोन शब्द सुई टोचण्याआधीच सांगितले जात.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका संस्थेची मंडळी केंद्र पाहायला आली. त्यांना ही सेवा लालबागला सुरू करायची होती. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “तुमचं काम किती टक्के झालंय?”

वसंतराव म्हणाले, “त्र्याहत्तरांपैकी सात मुलं राहिलीत. दोन पहिल्या इमारतीत, तिसऱ्या माळ्यावर. तिथे आजीची तापाची भीती अजून गेली नाही, उद्या सिस्टर बोलायला जाणार आहेत. तीन गावाहून गणपतीनंतर येतील. उरलेल्या दोघांची घरं बदललीत, पत्ता दत्तू शोधतोय.”

पाहुण्याने टक्के लिहिण्यासाठी पेन उघडलं होतं. ते तसंच धरून तो म्हणाला, “थांबा, नावं सांगा. नावंच लिहून घेतो.”

बंधुभगिनींनो, नवी योजना येते, फीत कापली जाते, कपाटात औषधं येतात आणि आपण म्हणतो, काम झालं! पण सेवा सुरू होणं वेगळं आणि ती माणसाच्या अंगी लागणं वेगळं. आपल्या वस्तीतला दवाखाना असो, शाळा असो की पाण्याचा नळ, किती दिलं एवढंच विचारून थांबू नका. कुणापर्यंत पोचलं, कुणापर्यंत नाही आणि का नाही, हे त्यांच्या दारात जाऊन विचारा! जो आकडा आपल्याला उठून पुढच्या दारापर्यंत चालायला लावतो, तोच खरा आकडा.