डोक्याखालची उशी

अर्धांगवायूच्या झटक्याने मिस्त्रींचा उजवा हात लुळा पडला, त्याला बारा दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी हॉस्पिटलमधल्या एकूण एक भिंतीला नावं ठेवली होती. खाटेशेजारची भिंत तर म्हणे गवंड्याने झोपेत बांधली! चाळीस वर्षं थापी धरलेला हा माणूस, त्याचं तोंड कोण धरणार? रात्री मात्र तो निपचित पडलेला हात डाव्या हाताने उचलून छातीवर ठेवायचा आणि एकेक बोट चोळत राहायचा. बायकोला सगळं दिसायचं.

त्यांची मुलगी त्याच हॉस्पिटलात एमआरआय मशीनवर कामाला. तिला सगळे मशीनताई म्हणत. पंधरा वर्षांत तिच्या हातून एकही फोटो हललेला नाही, असा तिचा दरारा. हाताखालच्यांना तर ती दमच भरायची, "डोकं घट्ट बसवा. दयामाया काय दाखवायची ती मशीनच्या बाहेर!"

आज तिच्या मशीनवर बाबाच होते. मेंदूतून हाताकडे हुकूम नेणारी एक वाट असते. झटक्यातून ती किती वाचली, हे या फोटोत दिसतं. वाचली असेल तर हाताच्या खास वॉर्डात तीन महिने कसून व्यायाम. तुटली असेल तर डाव्या हाताने जेवायला शिकवायचं आणि घरी पाठवायचं. वॉर्डात जागा एकच होती, आणि ती कोणाला द्यायची हे डॉक्टरीणबाई दुपारी ठरवणार होत्या.

"मान अवघडलीय गं," बाबा आडवे होताच कुरकुरले.

दुसरा कोणी असता तर मशीनताईने "सोसा थोडं" म्हणून विषय संपवला असता. पण बाप तो बाप. तिने डोक्याच्या दोन्ही बाजूंचे कडक ठोकळे काढले आणि मऊ उशी सारली.

"आता बरंय?"

"झकास!"

दुपारी डॉक्टरीणबाईंनी फोटो पडद्यावर लावला आणि चष्मा काढून हातात धरला. "वाट मध्येच तुटलेली दिसतेय, ताई. हात परत येणं कठीण."

काळजीपोटी तिने तो नीट न बघताच पुढे पाठवला होता. आता तिला रडू फुटणारच होतं, पण सवयीने तिची नजर फोटोच्या कडांवर गेली. कडा दुहेरी होत्या आणि नाक सरळ रेषेत नव्हतं. मऊ उशीत डोकं कलंडलं होतं आणि बारा मिनिटं हळूहळू सरकत राहिलं होतं.

"हा फोटो हललाय," ती म्हणाली. "पुन्हा काढायला हवा."

"सगळे नातेवाईक असंच म्हणतात हो," डॉक्टरीणबाई हळुवारपणे म्हणाल्या.

खोलीत तिच्या हाताखालचे दोघेही उभे होते. पंधरा वर्षांचं नाव एका वाक्यात जाणार होतं. जाऊ दे मेलं!

"मी मुलगी म्हणून बोलत नाही, मशीनवाली म्हणून बोलतेय. ठोकळे काढून उशी मी ठेवली. चूक माझी आहे."

कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी फोटो पुन्हा नीट पाहिला आणि घड्याळाकडे बोट केलं. "अर्धा तास देते."

या वेळी ठोकळे असे ठोकून बसवले की बाबा ओरडलेच, "अगं, जीव घेतेस का माझा!"

"डोकं ओळंब्यात हवं, बाबा, भिंतीसारखं सरळ. मघाशी मी वाकडं बांधलं."

बाबांनी नुसते डोळे तिच्याकडे वळवले. मग म्हणाले, "सगळ्यांसमोर कबूल केलंस?"

"हो."

"शाबास! माझ्या हाताखाली पन्नास गवंडी तयार झाले, पण आपली वाकडी भिंत आपण होऊन पाडणारे दोनच. तू तिसरी. चल, लाव मशीन." आणि तो जन्माचा चुळबुळ्या माणूस बारा मिनिटं दगडासारखा पडून राहिला.

दुसऱ्या फोटोत वाट दिसली. बारीक होती, पण अखंड. "बारा आठवड्यांत बोटांत पकड येईल असं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जागा यांची. आणि तो पहिला फोटो मला शिकवायला हवाय. तुमचं नाव झाकून देते."

"झाकू नका," मशीनताई म्हणाली. "उशी कोणी ठेवली तेही सांगा."

मग सुरू झाली ती मेहनत. सहा आठवडे बोटं हलेनात. मिस्त्री व्यायामवाल्या बाईंना रोज शिव्या घालत आणि रोज सगळ्यांच्या आधी हजर होत. सातव्या आठवड्यात अंगठा हलला, तेव्हा त्यांनी शेजारच्या खाटेवरच्याला उठवून दाखवला. अकराव्या आठवड्यात मुलगी जेवणाच्या सुट्टीत भेटायला आली, तर म्हणाले, "हात दे."

तिने हात पुढे केला. उजवी बोटं थरथरत वाकली, मिटली आणि तिच्या मनगटाभोवती आवळत गेली. अख्खा वॉर्ड बघत होता. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. बाबांचा असा अभिमान तिला जन्मात वाटला नव्हता.

"बाबा, सोडा आता, दुखतंय!"

"थांब जरा," मिस्त्री घामाघूम होऊन, पण मान ताठ ठेवून म्हणाले, "सोडायचं अजून शिकवलं नाही."