आवक खिडकीवरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. सरकारी कचेरीच्या आवक खिडकीवर जो अर्ज येईल, त्यावर त्या दिवसाची तारीख उमटवायची, हे माझं काम. माझ्या पोटात दिवस, महिना आणि वर्षाचे रबरी पट्टे आहेत. माझी लाकडी मूठ किती हातांनी गुळगुळीत केली, ते मलाही सांगता येणार नाही.

एका बाईचा हात मात्र आठवतो. तिला सगळे निवांतताई म्हणत. वय चाळिशीचं, पण बुद्धीची वाढ लहानपणीच मागे राहिलेली. सहा महिन्यांच्या हंगामी कामावर आई तिला घेऊन आली, तेव्हा कारकून कुरकुरला, "झालं! आता शिक्का मारायचीही शिकवणी लावा."

शिकवणी आठ दिवस चालली. नवव्या दिवसापासून तिने कोणाला काही विचारलं नाही. सकाळी ती माझे पट्टे फिरवी, मला रद्दी कागदावर उमटवी, आणि तो कागद भिंतीवरच्या दिनदर्शिकेला भिडवून एकेक आकडा बोटाने जुळवी. तोवर खिडकी उघडत नसे.

"ताई, रांग दारापर्यंत गेली!"

"जाऊ दे. तारीख चुकली तर हीच माणसं परत येतील. भांडायला!"

रांग हसे. तीही हसे.

मुदत संपली. कायम जागेसाठी लेखी परीक्षा होती. पेपरात गणितं, म्हणी, राजधान्या. शिक्क्याचं नाव नाही. ती नापास झाली. जाताना मला पुसून तिने कारकुनाला विचारलं, "माझं काय चुकलं?" त्याने तिच्या हातातून मला घेतलं.

सोमवारी घाईत त्याने माझे पट्टे फिरवलेच नाहीत. दुपारपर्यंत दीडशे अर्जांवर शुक्रवारचीच तारीख उमटली. तारीख बदलून घ्यायला खिडकीवर ही झुंबड!

कचेरीच्या साहेबबाईंनी त्याला विचारलं, "ताईंच्या किती चुका झाल्या होत्या?"

"एकही नाही, बाई."

"मग त्यांना राजधान्या कशाला विचारल्या आपण?"

बाईंनी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं, की या जागेची परीक्षा काम करून दाखवण्याची असावी, आणि शिकायला वेळ मिळावा.

उत्तर अजून नाही. दर सोमवारी आई येऊन विचारते, "आलं का हो?" मागे निवांतताई उभी असते. ती मला बघते, मी तिला. मध्ये काच असते.

मित्रांनो, उद्या तुम्ही खुर्चीवर बसाल. माणसाला आधी काम करून दाखवू द्या. आणि असं पत्र हाती आलं, तर उत्तराला उशीर करू नका. वाट बघत रोज नवी तारीख लावणं फार जड जातं.