गॅरेजवरची खोली

ओरेस्तने किटलीतलं उकळतं पाणी गॅरेजच्या दाराच्या पायथ्याशी ओतलं. स्टेफा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. बाहेर उणे चौतीस होतं आणि दाराखालची रबराची पट्टी रात्रीतून सिमेंटला घट्ट चिकटली होती. कॅनडातल्या यॉर्कटनमध्ये शाळकरी पोरालाही कळतं की अशा वेळी बर्फ खरवडायचा, पाणी ओतायचं नाही. पण ओरेस्तला चर्चच्या सभेला जायची घाई होती, आणि घाईत त्याची अक्कल नेहमी त्याच्या मागून चालत येई. तो बाजूच्या दाराने आत गेला आणि त्याने बटण दाबलं. तोवर ओतलेल्या पाण्याचाही बर्फ झाला होता. मोटर गुरगुरली, वरचा पत्रा कडकन वाकला आणि खालचा भाग तसूभरही हलला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"जुनंच झालं होतं," आत आल्यावर तो म्हणाला. स्टेफाने त्याच्या हातातली किटली घेतली आणि तिच्यात चहासाठी पुन्हा पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी दारं बसवणारा गार्थ आला. निम्म्या गावाची दारं त्याच्या हातची होती. मापं घेऊन झाल्यावर तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि त्याने दोन कागद पुढे सरकवले. पातळ पत्र्याचं दार चौदाशे डॉलर. आत फोम भरलेलं जाड दार सव्वीसशे, कारण त्याच्या वजनाला स्प्रिंगही दणकट लागणार. ओरेस्तने जुन्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडायला घेतले. दोघांच्या पेन्शनमधून घराच्या डागडुजीसाठी बाजूला काढलेले सतराशे होते, त्यापुढे एक डॉलर नाही.

"गॅरेजच्या वर काय आहे?" गार्थने विचारलं.

"काही नाही," ओरेस्त म्हणाला.

"खोली आहे," स्टेफा म्हणाली.

गार्थचं पेन थांबलं. "कोणी झोपतं तिथे?"

"सामान असतं," ओरेस्त म्हणाला आणि पाकिटावरच्या आकड्यांखाली उगाच एक रेघ ओढली.

वर माणूस झोपत असेल तर जाड दारच घ्या, गार्थ सांगू लागला. पातळ पत्र्यातून थंडी आत येते आणि तिथून वरच्या जमिनीत चढते. सामानाला थंडी वाजत नाही, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. विचार करून कळवा म्हणून तो गेला.

ती खोली लेस्याची. त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत होती तेव्हा दोन-दोन मोजे चढवून त्या जमिनीवर वावरायची आणि म्हणायची, दूध माझ्या खोलीत ठेवा, फ्रिज विकून टाका. पुढे तिचं लग्न झालं, आणि पाच वर्षांनी तिने ते मोडलं. जावई ओरेस्तच्या मर्जीतला. दोघं हिवाळाभर बर्फावर मासे धरायला जायचे. सहा जानेवारीच्या रात्री, त्यांच्या युक्रेनी रिवाजाने तेव्हा येणाऱ्या ख्रिसमसच्या जेवणात, बारा पदार्थांतला चौथा वाढला जात असताना ओरेस्त बोलून गेला, की जिने स्वतःचं घर मोडलं तिने बापाच्या घरी उबेला येऊ नये. लेस्याने चमचा खाली ठेवला. गॅरेजमधून गाडी काढली ती थेट हॅलिफॅक्सला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. या गोष्टीला चार वर्षं झाली. ती दर रविवारी आईला फोन करी. फोन ओरेस्तने उचलला तर दोन्हीकडे गप्प, आणि मग तो रिसीव्हर टेबलावर ठेवून म्हणे, "तुझा आहे."

आपण तेव्हा ताटं वाढत राहिलो, मध्ये पडलो नाही, हे स्टेफाला अजून खाई. मुलगी तिला फोनवर पुरत नव्हती. तिला लेस्या समोर हवी होती, तोंड भरून खाताना, बापासारखीच आडमुठी.

मागच्या रविवारी लेस्या म्हणाली होती, "यंदा सणाला सुट्टी मिळते का बघते. नक्की नाही हं, आई." स्टेफाने हे ओरेस्तला सांगितलं नव्हतं. ती नाही आली तर एकटीने सोसता येतं. दोघांनी वाट बघून ती नाही आली, तर या घरात राहायचं कसं?

"जाड घेऊया," रात्रीच्या जेवणाला ती एवढंच म्हणाली.

"रिकाम्या खोलीला गोधडी कशाला?"

त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. ओरेस्तने पाकिटावरचा हिशेब पुन्हा मांडला, मोठ्याने. ट्रकचे टायर, दातांचा डॉक्टर, वाढलेलं गॅसचं बिल. ऐकायला कोणी नव्हतं, तरी तो बेरीज दोनदा सांगून बसला. वाकलेल्या दाराला त्याने आतून ताडपत्री ठोकली होती, तिच्या फटीतून बर्फाची भुकटी आत येत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेफाने टेबलावर नऊशे डॉलर ठेवले. खसखशीचे रोल आणि सणासुदीच्या, वेणीसारख्या गुंफलेल्या पावांच्या ऑर्डरी घेऊन जमवलेले, तिच्या स्वतःच्या हाताचे.

ओरेस्तने नोटांकडे पाहिलं. "हे तर नव्या ओव्हनचे."

"ओव्हन चालतोय अजून."

"एका बाजूने करपवतो म्हणून तूच रडतेस."

"पाव फिरवून ठेवते मी."

त्याने नोटांना हात लावला नाही. बराच वेळ तो कॉफीच्या कपाचा कान चोळत राहिला. चार वर्षांत या घरात जे नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, ते आताही निघालं नाही.

"येणार आहे का?"

"माहीत नाही," स्टेफा म्हणाली, आणि ते खरंच होतं. "आली तर गारठायला नको."

ओरेस्त उठला, कोट चढवला, टोपी कानांवर ओढली आणि बाहेर जाऊन दारासमोरचा बर्फ खरवडू लागला. गाडी निघत नव्हती, दार उघडत नव्हतं, खरवडून उपयोग काहीच नव्हता. अर्ध्या तासाने आत येऊन त्याने गार्थला फोन लावला. जाड दार द्या म्हणाला, बायको हट्टाला पेटलीय, माझा नाइलाज आहे.

तीन जानेवारीला दार आलं. लेस्याच्या फोनचा सणाआधीचा शेवटचा रविवार गेला होता. अजून सांगता येत नाही, एवढंच ती म्हणाली होती. जुनं दार उतरवलं तेव्हा तासभर घराची एक भिंतच नाहीशी झाल्यासारखं वाटलं. गॅरेजमधला बर्फाला भोक पाडायचं पोलादी गिरमिट, मासे धरायच्या काठ्या, लेस्याची लहानपणची घसरगाडी, सगळं रस्त्याला दिसू लागलं. ओरेस्त दिवसभर गार्थच्या मागेमागे होता. स्क्रू तिरपा जातोय म्हणाला, रबर आखूड आहे म्हणाला. गार्थने तीस वर्षांत असे पुष्कळ म्हातारे पाहिले होते. तो हो हो म्हणत आपलं काम करत राहिला.

दुपारपर्यंत दार बसलं. स्टेफा वर जाऊन आली. खोलीत तिने हीटर लावून ठेवला होता, आणि आता पायमोज्यांतून जमीन तितकीशी चावत नव्हती. तिने उशीचा अभ्रा उगाच नीट केला आणि गार्थसाठी कॉफी घेऊन बाहेर आली.

गार्थ चौकटीवर आकड्यांची छोटी पेटी बसवत होता. या रस्त्यावर घराचं पुढचं दार नोव्हेंबरातच बर्फाने बुजतं, ते एप्रिलपर्यंत कोणी उघडत नाही. घरची माणसं चार आकडे दाबून गॅरेजमधूनच आत येतात.

"आकडा नवा टाकूया," गार्थ म्हणाला. "जुना कोणाकोणाला ठाऊक असतो, काही नेम नाही. नवं दार, नवा आकडा. मी सगळ्यांना हेच सांगतो."

"जुनाच ठेव," ओरेस्त म्हणाला.

"कितीजणांना ठाऊक आहे तो?"

"तिघांना."

गार्थने एकदा स्टेफाकडे पाहिलं. स्टेफा कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून उभी होती, द्यायचा विसरून. मग तो बाजूला झाला आणि आकडा तुम्हीच भरा म्हणाला. ओरेस्तने हातमोजा काढून चार आकडे दाबले. दार फारसा आवाज न करता वर गेलं. त्याने ते खाली आणलं, पुन्हा दाबलं, पुन्हा वर गेलं.

"चालतंय की," गार्थ म्हणाला. "आता किती वेळा बघाल?"

"येणारा काय उघड्या हाताने येणार आहे या थंडीत?"

त्याने दार खाली आणलं, हातमोजा चढवला आणि तेच चार आकडे पुन्हा एकदा, सावकाश दाबून पाहिले.