नागूबुवाचा खडा आणि खात्याचं उत्तर

फाट्यावर नागूबुवाच्या शेडपुढे सकाळीच एवढी गर्दी जमली होती की माझी स्कूटी पुढे सरकेना. हॉर्न वाजवला तर एक म्हातारी माझ्यावरच डाफरली, "गप की गं बाई! आत ईख उतरवतायत."

"कुणाचं?"

"शुक्राच्या संध्याचं. मण्यार चावली तिला."

मी स्कूटी तशीच टाकली आणि गर्दीत घुसले.

मी मेघा गायकवाड, खडकटेप वाडीच्या शाळेतली बाई. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला ही ठाकर आदिवासींची वाडी. कर्जतला जायचं तर आधी ओढा ओलांडून पायी या फाट्यावर यायचं. संध्या माझ्याच हाताखाली शिकलेली. वाडीतून दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी, आणि भांडखोर अशी की पाढा चुकला तरी माझाच चुकलाय म्हणून वाद घालायची. जीव होता माझा तिच्यावर, अजूनही आहे.

आत ती चटईवर पडली होती. डोकं आईच्या, रूपाच्या मांडीवर. उजव्या हाताच्या बोटाला एक काळा चपटा खडा चिकटलेला. आणि समोर नागूबुवा! कपाळभर भंडारा, गळ्यात सापाच्या मणक्यांची माळ, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"ह्यो खडा साधा न्हाय! शेषानं कूस बदलली तवा त्याच्या फडीवरनं घरंगळला. माज्या गुरूनं हिमालयात बारा वर्सं एका पायावर उभं ऱ्हाऊन मिळवला. ईख असंल तरच चिकटनार, ईख संपलं की आपसूक पडनार. हाय का कुनाच्या दवाखान्यात असं औषद?"

पाताळातला शेष हिमालयात काय करत होता, हे कुणी विचारलं नाही. असले तीन-चार खडे बुवाच्या ताटात पडलेले होते. शेषाची फडी म्हणजे काय खडीची खाण आहे?

तेवढ्यात संध्याच्या बोटावरचा खडा टपकन पडला. बुवानं तो उचलून दुधाच्या वाटीत टाकला, आणि दुधातून बुडबुडे यायला लागले.

"बघा, बघा! ईख बोलतंय! उतरलं! पोरगी वाचली!"

लोकांनी हात जोडले. शुक्रा, संध्याचा बाप, मटकन खालीच बसला आणि रडायला लागला. मला बघून म्हणाला, "बाई, खडा पडला. उतरलं म्हनतात."

आता एक सांगते. शुक्रा मूर्ख नाही. जंगलातला कुठला साप कसला, हे तो मला शिकवेल. मग तो बुवाकडे का आला? कारण बुवाकडे टेंपो आहे.

गेल्या पावसाळ्यात शुक्राचा भाऊ धाऊ सापानंच गेला. झोळीत घालून त्याला या फाट्यावर आणला. बसची वाट बघितली, ती आली नाही. मग पळसगावच्या आरोग्य उपकेंद्रावर नेला, त्याला कुलूप. धाऊ तिथेच, कुलपासमोर, ओट्यावर मेला. आमच्या आमदारांनी सभागृहात प्रश्न विचारला: बस नाही, लस नाही, म्हणून माणूस दगावला, हे खरे आहे काय? खात्याचं उत्तर आलं. बसफेरी नियमित सुरू आहे. उपकेंद्रात सर्पदंशाची लस उपलब्ध आहे. त्यामुळे मृत्यू झाला, हे खरे नाही. पुढील कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही.

ते उत्तर वाडीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. आणि त्याच महिन्यात खालापूरकडून हा नागूबुवा आला, फाट्यावर शेड टाकली आणि टेंपो ठेवला. फोन केला की टेंपो ओढ्यापर्यंत येतो, एक पैसा मागत नाही. खडा लावल्यावर मात्र बकरं द्यावं लागतं. सरकारचं औषध कागदावर होतं आणि बुवाचा टेंपो दारात होता. सांगा, तुम्ही कुणाला फोन केला असता?

"शुक्रा, ऊठ," मी म्हणाले. "हिला आत्ताच्या आत्ता कर्जतला न्यायचं."

"पयलं पळसगावलाच गेलो व्हतो, बाई. कुलूप. आता तर उतरलंय."

मी संध्याजवळ बसले. तिच्या पापण्या मिटत होत्या, ती जोर लावून उघडत होती. "बाई," ती म्हणाली. आवाज नाकातून येत होता. "तुमी दोन दोन दिसताय. पोटात लय दुखतं."

सर्पमित्रांच्या शिबिरात हे आम्हा शिक्षकांना घोकून घेतलं होतं. मण्यार झोपेत चावते. ना सूज, ना आग, खूण तर दिसतही नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास. माणूस शांत झोपला असं वाटतं, आणि तो मरत असतो.

"झोप येतेय लेकराला," बुवा हसत म्हणाला. "ईख उतरलं की झोप येतेच. निजू द्या."

माझं डोकंच फिरलं. "अरे मेल्या, ती झोपत नाहीये! तिचा श्वास बंद पडत चाललाय!"

"बाई, देवाच्या जागी तोंड सांभाळा. तुमी बौद्ध लोक, तुमाला शेषाचं काय कळनार?"

"शेषाचं राहू दे, तुझ्या खड्याचं कळतं. टेंपो काढ."

"खडा पडल्यावर रुग्न हलवला तर शेष कोपतो. टेंपो जानार न्हाय."

लोक माझ्यावरच ओरडायला लागले. "बाई, नगा ना मधी पडू!" रूपा मुलीला घट्ट धरून बसली. तिच्या लेखी लेक वाचली होती, आणि मी ती हिसकावून न्यायला आले होते. समजावायला वेळ कुठे होता? पापण्या आता निम्म्याच उघडत होत्या.

मी ओढणीची पिन काढली आणि सगळ्यांसमोर आपल्या बोटात खुपसली. दाबून रक्त काढलं. बुवाच्या ताटातला कोरडा खडा उचलून त्यावर ठेवला, थोडा दाबला, आणि हात उलटा केला.

खडा चिकटला होता. खाली पडेना.

"बघ शुक्रा! मला कुठला साप चावलाय? सांग ना! ईख असेल तरच चिकटतो ना हा?"

बुवा म्हणाला, "पूर्वी कवा चावला आसंल..."

"मग याला पण चावला असेल!" शेडच्या कडेला कौलाचे तुकडे पडले होते. त्यातला एक सुका तुकडा घेऊन मी तो दुधात टाकला. बुड, बुड, बुड. "आता कौलातलं ईख बोलतंय का? नवा माठ पाण्यात बुडवला की काय होतं गं रूपा? असेच बुडबुडे येतात ना? आत बारीक भोकं असतात, त्यातली हवा बाहेर येते. खडा रक्ताची ओल शोषतो म्हणून चिकटतो, रक्त सुकलं की पडतो. ईख तिच्या अंगात आहे तसंच आहे!"

मला टोकणारी ती म्हातारी पुढे आली. तिनं ताटातला एक खडा उचलला, जिभेला लावला आणि हात सोडला. खडा जिभेला लटकत राहिला. दुसरी वेळ असती तर हसून पुरेवाट झाली असती. कुणी हसलं नाही.

शुक्रा माझ्या बोटाकडे बघत होता. मग लेकीकडे बघितलं. "संध्या, ए संध्या, बोल गं," म्हणाला. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्यानं तिला उचललं, बुवाला खांद्यानंच बाजूला ढकललं, आणि टेंपोत नेऊन ठेवली. बुवा "कोप होईल, कोप!" करत मागे धावला. पण टेंपोचा ड्रायव्हर पोशा आधीच स्टेअरिंगवर बसला होता. "बाई, चढा लवकर," एवढंच म्हणाला.

वाटेत तो मागे न बघता बोलला, "बैलाची हाडकं हायती ती, बाई. मीच आनून देतो. मडक्यात घालून तोंड लिंपायचं आनि शेनीच्या जाळात काळी करायची. मंग कानशीनं घासायची. मला वाटलं, कुनाला बरं वाटतंय तर वाटू द्या." मी संध्याची छाती हलतेय का बघत होते.

तालुक्याच्या दवाखान्यात लगेच लस सुरू झाली. ती तिथे होती, हे आवर्जून सांगते. तरुण डॉक्टर म्हणाले, "लस पुढचं विष थांबवेल. पण श्वासाचे स्नायू ढिले पडलेत. यंत्र लागेल, मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल." तिच्या घशात नळी घातली आणि नळीला रबरी फुगा जोडला. रुग्णवाहिकेत एक नर्स होती, ती सलाइन बघणार की फुगा दाबणार? तिनं शुक्राला शिकवलं. दाब, सोड. दाब, सोड.

वळणांच्या रस्त्यावरून तो बाप सगळी वाट लेकीचा श्वास हातानं देत होता. हाताला गोळे आले तेव्हा फुगा मी घेतला, पण त्यानं परत ओढून घेतला. "बाई, थांबलो तर?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. मी देव मानत नाही. त्या दिवशी कुणाकडे तरी गयावया करावीशी वाटत होती, आणि समोर कुणीच नव्हतं. फक्त तो फुगा होता.

संध्या वाचली. कितीतरी दिवस यंत्रावर होती, नळीनं आवाज घोगरा झाला तो अजून तसाच आहे, पण वाचली.

वाडीत परत आलो तर बुवाची आरोळी तयार होती: "माज्या खड्यानं निम्मं ईख प्यालं, म्हनून दवाखान्यापत्तुर टिकली!" वाचला तो खड्यानं, मेला तो उशिरा आणल्यानं. बुवाची सगळी विद्या एवढीच. धामण आणि दिवड चावलेले, ज्यांना ईख चढलंच नव्हतं, ते सगळे त्याच्या खात्यात जमा. पण आता वाडीतल्या पोरांनी हाडं जाळून स्वतःच खडे केले आणि ते एकमेकांच्या जिभेला चिकटवत हिंडू लागली. बुवानं एका सकाळी शेड गुंडाळली. जाताना टेंपोही नेला.

मी खूश व्हायला हवं होतं. पण टेंपो गेला आणि फाट्यावर काहीच उरलं नाही.

त्यानंतरच्या अधिवेशनात आमदारांनी पुन्हा प्रश्न विचारला, या वेळी संध्याचं नाव घेऊन. उत्तर आलं, आणि ते सांगायला खात्याचे एक साहेब जीपनं फाट्यावर आले. आम्ही सगळे जमलो. साहेबांनी वाचून दाखवलं. सदर मुलीस शासकीय रुग्णालयात वेळेत उपचार मिळाले असून ती सुखरूप आहे. बसफेरी नियमित आहे. उपकेंद्र कार्यरत आहे. सबब, गैरसोयीचा प्रश्न उद्भवत नाही.

साहेब हसून म्हणाले, "चांगली बातमी आहे ना? मुलगी वाचली!"

मला नागूबुवाच आठवला. वाचली ती यांच्या खात्यात जमा. धाऊ कुणाच्याच खात्यात नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात शुक्रानं विचारलं, "साहेब, तुमी आले ते बसनं का?"

"नाही, जीप आहे ना."

"मंग जाताना बसनं जावा. आमी बसतो सोबत."

"अहो, मला मीटिंग आहे—"

संध्या पुढे झाली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सर, बस नियमित हाय ना? मग कितीसा उशीर होनार? बसा की."

साहेब भले गृहस्थ असावेत, किंवा एवढ्या लोकांपुढे नाही म्हणवलं नसेल. ते थांब्याच्या कट्ट्यावर बसले. शुक्रा त्यांच्या एका बाजूला, संध्या दुसऱ्या बाजूला. रूपानं पाणी आणून दिलं. कुणी घोषणा दिली नाही, कुणी अपशब्द बोललं नाही. ऊन डोक्यावर आलं, मग कलायला लागलं. रस्त्यावरून विटांचे ट्रक गेले, फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या गेल्या. साहेब दर थोड्या वेळानं वळणाकडे बघत होते. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "आज नाही आली वाटतं."

"धाऊच्या दिवशी पन न्हाय आली," शुक्रा म्हणाला. "तुमी पाह्यलं ना आता? लिवा मंग तसं."

साहेब जीपकडे गेले. त्यांनी काय लिहिलं, मला माहीत नाही.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. साप चावला तर खडा नको, मंत्र नको, झोप नको, रुग्णालय गाठा. जमिनीवर निजू नका, खाटेवर निजा. आणि कुणीही काहीही छातीठोकपणे सांगितलं, मग त्याच्या कपाळाला भंडारा असो की कागदाला शिक्का असो, तर आधी खडा आपल्या बोटाला लावून बघा. बस आहे म्हणतात, तर थांब्यावर बसून बघा. लस आहे म्हणतात, तर कुलूप उघडायला लावा.

पावसाळा तोंडावर आलाय. शुक्रानं बांबूची खाट करून घेतलीय, संध्या आता तिच्यावर निजते. वाडीतले बाकी सगळे अजून जमिनीवरच झोपतात, आणि बस अजून आलेली नाही.